आई-बाबांना स्टँडबायवर पहिल्यांदा पाठवताय?

अभिनंदन! विमान कंपनीत नोकरी लागल्याबरोबर आई-बाबांना स्टँडबायवर, म्हणजे जागा रिकामी राहिली तरच बसायला मिळतं अशा कर्मचाऱ्यांच्या पासवर, विमानात बसवावंसं वाटणारच. फक्त दिवाळी आणि लग्नसराई टाळ, मधला मंगळवार-बुधवार बघ. नागपूरहून मुंबईचं सकाळचं पहिलं विमान धर. त्यात जागा नाही मिळाली तर दिवसभरातली पुढची हाताशी राहतात.

नवखे फसतात ते परतीत. जाताना आरामात जागा मिळते आणि रविवारी संध्याकाळी मुंबईत अडकतात. म्हणून परतीचं दुरांतो नाहीतर विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट आधीच काढून ठेव. विमानात जागा मिळाली तर ते रद्द करताना थोडे पैसे कापले जातील, जाऊ दे.

सामान हातातलंच. संत्र्यांची पेटी यावेळी नकोच. नाव पुकारेपर्यंत काउंटरवर हुज्जत घालायची नाही, हे बाबांना घरीच सांग. तक्रार शेवटी तुझ्या नावावर येते.

सीनियॉरिटीचा क्रम (नोकरीच्या ज्येष्ठतेनुसार जागा कुणाला आधी), दुसऱ्या विमान कंपन्यांचे पास वगैरे नंतर बघू.