लॅमेटा थरांत खालून वर जाताना डायनासोर बदलत जातात का?

तुमचा प्रश्न असा आहे की जबलपूर, पिसदुरा आणि खेडा येथील लॅमेटा थरांत, म्हणजे डायनासोरांचे जीवाश्म असलेल्या गाळाच्या खडकांत, खालच्या थरात एक प्राणी, वरच्या थरात दुसरा, असा क्रम दिसतो का, आणि त्यांच्यावर लगेच डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखी खडकांचा, लाव्हा पसरलेला असल्यामुळे डायनासोर हळूहळू कमी होत लाव्हाखाली संपले, असे त्यावरून म्हणता येईल का. माझे उत्तर नकारार्थी आहे. त्याची कारणे प्राण्यांपेक्षा खडकांमध्ये अधिक आहेत.

प्रथम जबलपूर पाहू. तेथील छेदात, म्हणजे थरांच्या उभ्या कापात, तळाशी हिरवा वालुकाश्म, त्यावर खालचा चुनखडक, मग ठिपकेदार गुठळ्यांचे थर, त्यानंतर वरचा चुनखडक आणि वरचा वालुकाश्म अशी रचना आहे. बारा सिमला टेकडीवर १८२८ साली स्लीमन यांना हाडे मिळाली. त्यांतील शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिले; हा लांब मानेचा शाकाहारी डायनासोर, आणि त्याच्या गटाला टायटॅनोसॉर म्हणतात. पुढे भूवैज्ञानिक मॅटली यांना त्याच टेकडीवर मांसाहारी डायनासोरांच्या हाडांचा दाट थर चुनखडकाच्या तळाशी आढळला, तर अंडी प्रामुख्याने खालच्या चुनखडकात मिळतात. हे वाचून मांसाहारी आधी आणि अंडी घालणारे शाकाहारी नंतर आले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ब्रूकफील्ड आणि सहानी यांनी १९८७ मध्ये दाखवले की हा चुनखडक समुद्रात साचलेला नाही. निमकोरड्या हवामानातील नदीच्या मैदानावर, जमिनीतील पाणी वर ओढले जाऊन सुकताना मातीत चुना साचत गेला आणि तो तयार झाला. आपल्याकडच्या काळ्या शेतजमिनीखाली चुनखडीचे खडे धरतात, तीच प्रक्रिया येथे फार मोठ्या प्रमाणावर घडली. अशा मातीत पुरलेली अंडी चुन्याने वेढली जाऊन टिकतात, तर वाहत्या पाण्याच्या वाळूत ती फुटून विखुरतात. म्हणून थरागणिक दिसणारा बराचसा फरक कोणता प्राणी केव्हा जगला याचा नसून, कोणत्या जागी काय टिकले याचा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे पिसदुरा हे याचे दुसरे टोक आहे, आणि मला स्वतःला ते सर्वांत मोलाचे वाटते. येथे लाल आणि हिरवट चिकणमातीच्या थरांत टायटॅनोसॉरांची हाडे, कासवे आणि विष्ठेचे असंख्य जीवाश्म आढळतात. २००५ साली त्या विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, आणि ते किमान पाच प्रकारच्या गवतांचे होते. क्रिटेशियस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडात गवत जवळजवळ नव्हतेच, ही समजूत त्यामुळे बदलावी लागली. शेजारच्या डोंगरगाव येथून एकाच प्राण्याची पुष्कळशी हाडे मिळाली. त्या प्राण्याचे वर्णन जैन आणि बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये केले, आणि आज तो टायटॅनोसॉर आयसीसॉरस या नावाने ओळखला जातो. मात्र पिसदुऱ्याची अडचण ही की तेथील बरीच हाडे झीज होऊन जमिनीवर सुटी पडलेली मिळाली. सुटे हाड नेमके कोणत्या पातळीवरून आले हे नंतर सांगता येत नाही, त्यामुळे त्याच्यावर कालक्रम उभारणे धोक्याचे आहे.

खेडा ज्या राज्यात आहे त्या गुजरातमधील ढोली डुंगरी येथील नमुना पाहिला तर संपूर्ण थराचे मोल कळते. अंड्यांच्या घरट्यात, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप, आणि शेजारी अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले टायटॅनोसॉरचे पिल्लू, हे सर्व एकाच दगडात आहे. मोहबे यांनी तो नमुना १९८०च्या दशकात शोधला, परंतु त्यातील साप ओळखला गेला तो २००१ मध्ये, आणि २०१० साली त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळाले. ती हाडे सुटी करून निरनिराळ्या पेट्यांत ठेवली असती तर हा प्रसंग कधीच वाचता आला नसता.

आता लाव्हाविषयी. लॅमेटा थर मास्ट्रिख्टियन, म्हणजे क्रिटेशियसच्या अगदी अखेरच्या काळातील आहेत. लॅमेटाच्या माथ्यावर डायनासोर दिसेनासे होतात, याचा अर्थ बहुतेक ठिकाणी इतकाच की तेथे गाळ साचणे थांबले आणि लाव्हा आला. गाळ नाही तर जीवाश्मही नाहीत. खरी कसोटी लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये साचलेल्या थरांत आहे. कच्छमधील अंजार येथे अशा थरांत डायनासोरांची हाडे आणि अंड्यांची कवचे मिळाली आहेत. म्हणजे पहिले प्रवाह येऊन थंड झाल्यानंतरही ते प्राणी तेथे राहत होते आणि अंडी घालत होते. त्यामुळे हळूहळू ऱ्हासाचा प्रश्न सोडवायचा असेल, तर लॅमेटाच्या छेदापेक्षा या मधल्या थरांचा अभ्यास मी आधी करीन, आणि तोही थर न सोडता, पातळी मोजून.