कॉर्न स्नेकच्या पेटीत खाली काय घालू? वखारीतला भुसा चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलासाठी कॉर्न स्नेकचं चार महिन्यांचं पिल्लू आणलंय, काचेची पेटी तयार आहे, टिंबर मार्केटमधल्या ओळखीच्या वखारीतून पोतंभर भुसा फुकट मिळतोय. तो घातला तर चालेल का, आणि नाही तर काय घालायचं?

भुसा घालू नका. पिल्लू पुढचे चार महिने साध्या कागदावर ठेवा. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत सहा वर्षं हाच साप पाळतोय आणि पहिल्याच पावसाळ्यात नेमकी भुशाचीच चूक केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वखारीतला भुसा कुठल्या लाकडाचा, हे वखारवाल्यालाही सांगता येत नाही. करवतीखाली सकाळी साग येतो, दुपारी बाभूळ, संध्याकाळी कुणाच्या तरी देवघरासाठी देवदार. सगळ्यांचा भुसा एकाच ढिगात पडतो. सागाच्या भुशानं कित्येक सुतारांच्या हातांना खाज सुटते. देवदार आणि पाईनला जो छान वास येतो, तो त्यांच्यातल्या उडणाऱ्या तेलांचा असतो. मोकळ्या खोलीत तो वास आपल्याला आवडतो, पण खालून गरम होणाऱ्या बंद पेटीत साप रात्रंदिवस तोच ओढत बसतो. त्यानं श्वासमार्गाला त्रास होतो. अशा भुशावर ठेवलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या तर यकृतावरही परिणाम दिसलेले आहेत. प्लायवूड किंवा एमडीएफ (दाबून केलेल्या फळ्या) कापलेला भुसा त्यात मिसळला असेल तर डिंकातल्या फॉर्मल्डिहाइड या झोंबणाऱ्या रसायनाचा त्रास वेगळाच.

सापाला हे झेपत नाही, कारण त्याची रचनाच तशी आहे. कॉर्न स्नेकचं उजवं फुफ्फुस तेवढं कामाचं, डावं नावापुरतं. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा त्याला नसतो, म्हणून आपल्यासारखा खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. बारीक धूळ आत गेली की आतच साठत जाते.

मी वापरला होता तो उद्यमनगरातून आणलेला, मशीनच्या खोक्यांच्या लाकडाचा. पांढराशुभ्र, कोरडा, सुवासिक. पाईनचा होता हे नंतर कळलं. जुलैत साप मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून बसायला लागला. नाकपुडीशी बुडबुडे दिसले. मला वाटलं पाणी प्यायला असेल, आणि त्यात पाच दिवस गेले. इथं साप तपासणारा डॉक्टर मला सापडेना, शेवटी पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळ्यात आधी विचारलं ते पेटीत खाली काय घातलंय हे. श्वसनमार्गाचा संसर्ग झाला होता. इंजेक्शनं झाली, सहा आठवडे त्यानं एकही उंदीर खाल्ला नाही. वाचला. ते पाच दिवस मला अजून टोचतात.

आता खरं सांगायचंय ते. पेटीत काय घालावं याची माहिती आपण शोधतो ती बहुतेक अमेरिकेतल्या नाहीतर युरोपातल्या लोकांची असते. हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, त्यामुळे त्याच्याबद्दलचं त्यांचं ज्ञान पक्कं आहे. पण त्यांच्या घरात हीटर चालतो, हवा कोरडी पडते, म्हणून ओल धरून ठेवणारं काहीतरी खाली घाला असं ते सांगतात. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर आपली अडचण बरोबर उलटी असते. दोरीवरची चादर तीन दिवस वाळत नाही, तिथं पेटीतलं काय वाळणार? कॉर्न स्नेकला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता पुरते. पावसाळ्यात आपल्या घरातली हवाच त्याच्या वर जाते. त्यात ओल धरणारं अंथरूण घातलं की दोन दिवसांत बुरशी, आणि मग सापाच्या पोटाखालच्या खवल्यांवर लालसर फोड. म्हणून अंथरूण ऋतूप्रमाणे बदला, हे माझं ठाम मत आहे. एक आर्द्रतामापक घ्या, काही शे रुपयांत मिळतो, आणि त्याचा काटा बघून ठरवा.

याच कारणानं उसाचं चिपाड आणि भाताचं तूस पेटीत नको. आपल्याकडे दोन्ही ढिगानं मिळतं, म्हणून कुणी ना कुणी सुचवतंच. चिपाडात साखर उरलेली असते, ते ओलसर राहिलं की बुरशी धरतं. बुरशी आलेल्या चिपाडाच्या धुळीनं माणसांना होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला वैद्यकशास्त्रात बॅगसोसिस असं स्वतंत्र नाव आहे. गुऱ्हाळावर चुलवाणात जाळायलाच ते ठीक. तूस टोकदार आणि धुळीचं. नदीची वाळू आणि बागेतली मातीही नको. वाळू भक्ष्याला चिकटून पोटात जाते आणि आतडं तुंबतं. मातीतून मुंग्या, गोचीड आणि फवारलेली औषधं येतात.

तर कागद. छापखान्यात न छापलेला वर्तमानपत्री कागद किलोवर मिळतो का विचारा, नाहीतर स्वयंपाकघरातले पांढरे टिश्यू रोल आणा. तीन-चार थर अंथरा. वर चुरगळलेल्या कागदाचे गोळे टाका, कारण या सापाला दडायला आवडतं आणि उघड्यावर तो घाबरा होऊन खात नाही. पांढऱ्या कागदाचा खरा फायदा नवीन सापाच्या बाबतीत कळतो. दुकानातून आलेल्या सापाच्या अंगावर बारीक काळ्या उवांसारखे किडे असू शकतात, ते कागदावर ठिपक्यांसारखे लगेच दिसतात. विष्ठा पातळ आहे का, तिच्यातला पांढरा खडूसारखा भाग नीट आहे का, तेही कळतं. घाण झाली की गुंडाळून टाकलं, नवीन घातलं, धुवायला पाणी लागत नाही. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रं बुडून शहराचा नळ कितीतरी दिवस बंद होता, हे आठवतच असेल. मी तेव्हापासून पावसाळ्याआधी कागदाचे दोन गठ्ठे माळ्यावर ठेवतो.

कात टाकायच्या वेळी मात्र ओल हवी. डोळे दुधाळ निळसर दिसायला लागले की प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पाडून आत ओलं, पिळलेलं मॉस (शेवाळ) घाला आणि डबा पेटीत ठेवा. साप आपण होऊन आत जातो, बाकी पेटी कोरडी राहते. कात उतरली की डबा काढा.

दिवाळीनंतर, पिल्लू नियमित खायला लागलं असेल तर, नारळाच्या सोडणाचे जाड तुकडे घ्या. नर्सरीत मिळतात. कोकोपीट म्हणून जी बारीक भुकटी मिळते ती नको, सुकली की तिचीही धूळ उडते. खत मिसळलेलं नाही ना, हे विचारून घ्या. दोन-तीन पाण्यांतून धुवा, खारेपणा जातो, मग गच्चीवर कडक उन्हात वाळवा. मी हे काम मार्चमध्येच उरकतो. तीन बोटं जाड थर पुरे. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात थोडं पाणी शिंपडलं तर उत्तम चालतं.

अस्पेन नावाच्या झाडाचा भुसा या सापासाठी चांगला मानतात आणि तो खरंच चांगला आहे, पण बाहेरून येतो, महाग पडतो आणि ओला झाला की बुरशी धरतो. परवडत असेल तर हिवाळ्यात वापरा. पाकिटावर लाकडाचं नाव लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

अंथरूण जाड केलं की खालच्या हीट मॅटची (विजेवर तापणाऱ्या चटईची) ऊब वर पोचत नाही, मग साप उकरत थेट काचेपर्यंत जातो आणि पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या उपकरणाशिवाय, मॅट लावू नका आणि त्याचा सेन्सर काचेलगत, अंथरुणाच्या खाली ठेवा. गरम बाजूला ३० अंशांच्या आसपास, दुसऱ्या बाजूला २४-२५. उंदीर द्यायचा तो स्टीलच्या ताटलीत, म्हणजे अंथरुणाचे तुकडे तोंडात जाणार नाहीत.

मुलगा लहान आहे म्हणून आणखी एक. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कागद बदलल्यावर साबणानं हात धुवायला लावा, आणि सापाचं भांडं स्वयंपाकघरात धुऊ नका.

खरेदीची पावती जपून ठेवा. कॉर्न स्नेक साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत नाही. बॉल पायथन आहे, आणि वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर यादीतल्या तशा परदेशी प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आपल्या रानातला तस्कर किंवा धामण पाळणं मात्र गुन्हाच आहे. पिल्लू कॉर्न स्नेकचंच आहे का, अशी थोडी जरी शंका असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा.

आता पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आज एवढं करा: पिल्लू हलक्या हातानं उचलून पोटाखालचा भाग बघा. गुलाबी डाग, फोड, ओलसरपणा काही नसेल तर कागद अंथरून त्याला आत सोडा आणि पाच-सहा दिवस हात लावू नका. काही दिसलं तर फोटो काढून इथंच टाका, मी रात्री नक्की बघतो. नाकाशी बुडबुडे दिसले तर मात्र माझी वाट न बघता थेट डॉक्टरकडे न्या.