भरतीच्या वेळी नाल्यातल्या पाण्याची रेषा काढायची तर हिशेब कुठल्या टोकाकडून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, खाडीला मिळणारा काँक्रीटचा नाला. वरच्या टोकाला नॉर्मल डेप्थ (लांब, एकसारख्या नाल्यात पाणी जी कायमची खोली धरतं ती) धरून तुम्ही खाली येताय. १.८० मीटर धरली की पाणी फुगत जातं, १.७५ धरली की धाडकन खाली बसतं. मग उतार आणि खडबडीतपणावरून वेग देणारं मॅनिंगचं सूत्र कुठे चुकतंय?

मॅनिंगची काही चूक नाही, तुम्ही उलट्या टोकाकडून निघालात. मी नवी मुंबईत हेच काम करतो आणि ही चूक नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी करतोच.

तुमचेच आकडे घेऊ. आयताकृती नाला, रुंदी ४ मीटर, उतार हजारात एक, खडबडीतपणाचा एन ०.०१८, प्रवाह १२ क्युमेक्स, म्हणजे सेकंदाला १२ घनमीटर. नॉर्मल डेप्थ येते साधारण १.७८ मीटर आणि क्रिटिकल (जिथे पाण्याचा वेग लाटेच्या वेगाइतका होतो ती खोली) ०.९७. नॉर्मल मोठी, म्हणजे उतार सौम्य. आऊटफॉलपाशी, म्हणजे नाला खाडीत पडतो तिथे, भरतीचं पाणी २.५० मीटर खोल.

तिथे पाणी खाडीकडे चाललंय सेकंदाला १.२ मीटरने. समजा, तोंडाशी असलेलं फ्लॅप गेट (भरतीचं पाणी आत येऊ न देणारं झडपेचं दार) आपटून जरा मिटलं. त्याची लाट स्थिर पाण्यात जी (गुरुत्व त्वरण) आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतक्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४.९५ मीटरने सरकली असती. प्रवाहाचे १.२ वजा केले तरी ती पावणेचार मीटरने उलटी वर चढते. खाडीत काय चाललंय हे नाल्याला वरपर्यंत कळतं. वरच्या टोकाला धरलेल्या खोलीचं खाडीला काही देणंघेणं नाही. म्हणून सुरुवात आऊटफॉलपासून.

नाल्याचा छेद सगळीकडे सारखा आहे, तेव्हा डायरेक्ट स्टेप पुरे: खोलीची पायरी ठरवायची आणि तिला लागणारं अंतर काढायचं. २.५० मीटर खोलीला विशिष्ट ऊर्जा (खोली अधिक वेगाची ऊर्जा) २.५७३४ मीटर, घर्षण उतार (घर्षणात दर मीटरला जाणारी ऊर्जा, मॅनिंगवरून) ०.०००४०५. २.३० ला ऊर्जा २.३८६७, घर्षण उतार ०.०००५०४. ऊर्जेतला फरक ०.१८६७. घर्षणाची सरासरी तळाच्या उतारातून वजा केली की ०.०००५४५ उरतात. भागाकार करा: सुमारे ३४२ मीटर. एवढं वर गेल्यावर खोली २.३० होते. तिथून २.१० पर्यंत ४२७ मीटर, पुढे १.९० पर्यंत ६७६. पायरी तीच २० सेंटिमीटरची, पण अंतर वाढतच चाललंय, कारण रेषा १.७८ ला टेकायला बघतेय आणि टेकत काही नाही. दीड किलोमीटर वर गेलात तरी भरतीचा थोडा फुगवटा असतोच. सौम्य उतारावरच्या, नॉर्मलच्या वर राहणाऱ्या या रेषेला पुस्तकात एम-१ म्हणतात.

आता तुमचं पाणी का बहकलं ते बघा. वर जाताना या सगळ्या रेषा १.७८ कडे गोळा होतात, त्यामुळे आऊटफॉलच्या आकड्यात थोडं उणंअधिक झालं तरी पुढे ते विरतं. खाली येताना त्याच रेषा फाकतात. १.७८ च्या किंचित वरून निघालात तर एम-१ वर चढता, किंचित खालून निघालात तर एम-२ (नॉर्मल आणि क्रिटिकलच्या मधली रेषा) धरून क्रिटिकलकडे घसरता. ती दोन-तीन सेंटिमीटरची चूकच तुमचा हिशेब चालवत होती.

छेद बदलता असेल, चेनेजप्रमाणे (नाल्याच्या लांबीवर ठरावीक अंतरांवर) सर्वे केलेला असेल, तर मात्र स्टँडर्ड स्टेप. दिशा तीच, फक्त प्रत्येक छेदाला पातळी अंदाजाने धरून ऊर्जा जुळेपर्यंत फिरावं लागतं. एक्सेलमध्ये होतं, हेक-रास हे सॉफ्टवेअर असेल तर कटकटच नाही. पण एकदा हाताने कराच.

उलटा नियम नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगराच्या उतारावर. तिथे पावसात पाणी क्रिटिकलपेक्षा उथळ आणि वेगात उतरतं, खालची बातमी वर चढूच शकत नाही, मग हिशेब वरून खाली. डोंगर संपून सपाटी लागली की कुठेतरी हायड्रॉलिक जंप, म्हणजे उथळ वेगवान पाणी एकदम उसळून खोल आणि संथ होतं.

आता २.५० हा आकडा आला कुठून, ते तपासा. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात मी पेपरातली ४.६ मीटरची भरती उचलून तशीच आरएल (ड्रॉइंगवरच्या डेटमपासूनची उंची) म्हणून घातली. हिशेबात अख्खा सेक्टर बुडाला. साहेबांनी कागद बघून एवढंच विचारलं, "होडी कुठे बांधायची?" भरतीच्या तक्त्यातली उंची चार्ट डेटमपासून (सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपासची शून्य पातळी) असते आणि मुंबईची सरासरी समुद्रसपाटी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर. आरएल समुद्रसपाटीपासून असेल तर ४.६ ची भरती जेमतेम २.१ होते. त्यातून आऊटफॉलची इन्व्हर्ट लेव्हल (तळाची पातळी) वजा केली की खोली. ड्रॉइंगवरचा डेटम आधी वाचा.

आणि नाला थेट खाडीत न जाता सिडकोच्या एखाद्या होल्डिंग पाँडमध्ये (भरतीत पावसाचं पाणी साठवणारा तलाव) पडत असेल, तर खाडीची पातळी विसरा. भरतीत गेट मिटलेलं असतं, पाऊस तलावात साठत राहतो. सुरुवात तलावाच्या पातळीपासून करायची, आणि ती तासातासाला बदलते. मग त्या तासांतल्या सगळ्यात वाईट पातळीला ही रेषा काढायची.

पहिल्या पायरीला ३४२ च्या आसपास आलं नाही, तर घर्षण उतारातला हायड्रॉलिक त्रिज्येचा (पाण्याचा छेद भागिले भिजलेली परिमिती) घात बघा. तिथे चार तृतीयांश हवा. घाईत दोन तृतीयांशच लिहिला जातो.