युद्धात सामान्य माणसे मरणारच असतील, तर त्यांच्या संरक्षणाच्या नियमांना अर्थ काय?

आपल्या प्रश्नातल्या 'मरणारच' या शब्दावर माझा आक्षेप आहे. मी काही वर्षे युद्धविषयक कायदा शिकवला आहे. दर वर्षी पहिल्याच तासाला कोणी ना कोणी हाच शब्द उच्चारतो, आणि मी लाओसचे उदाहरण देतो.

१९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर २० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतल्या क्लस्टर बॉम्बमधून सुमारे २७ कोटी छोटे स्फोटक गोळे विखुरले आणि त्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. टेनिसच्या चेंडूएवढ्या या गोळ्यांना तिथे 'बॉम्बी' म्हणतात. मुले चेंडू समजून ते उचलतात, शेतात कुदळ त्यांच्यावर पडते, स्वयंपाकासाठी पेटवलेल्या चुलीच्या धगीने खालच्या मातीत पुरलेला गोळा फुटतो. बॉम्बवर्षाव थांबल्यानंतर अशा स्फोटांत २० हजारांहून अधिक लोक मेले किंवा जायबंदी झाले. यात अटळ काय होते? शस्त्र कोणीतरी निवडले होते. २००८ च्या कराराने ही शस्त्रे निषिद्ध ठरवली, पण अमेरिकेने त्यावर आजही सही केलेली नाही.

युद्धातील वर्तनाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांपैकी पहिला १८६४ चा. तो केवळ जखमी सैनिकांसाठी होता. नागरिकांसाठी स्वतंत्र करार व्हायला १९४९ साल उजाडावे लागले, हा उशीर मला आजही बोचतो. हल्ल्यांविषयीचे सविस्तर नियम तर १९७७ च्या पुरवणी करारात आले. एकही नागरिक मरता कामा नये, असे हे नियम म्हणत नाहीत. लक्ष्य लष्करी आहे का, आणि नागरिकांची अपेक्षित हानी लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी तर नाही ना, हे सेनाधिकाऱ्याने हल्ल्याआधी तपासले पाहिजे, अशी त्यांची मागणी आहे. ही हानी मोजणे मात्र कठीण असते, कारण वीजकेंद्रावर बॉम्ब पडला की पाण्याचे पंप बंद पडतात, लोक मिळेल ते पाणी पितात आणि काही आठवड्यांनी अतिसाराने दगावलेले मूल युद्धातील मृतांच्या यादीत येतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या सोयी, पिके आणि अन्नसाठे यांना त्या करारात वेगळे संरक्षण आहे, ते याचसाठी.

'समोरचा पाळत नाही, मग आम्हीच का पाळावे?' असे आपण पुढे विचारता. त्याचे उत्तर १९७७ च्या करारातच आहे: सूड म्हणून नागरिकांवर हल्ला करता येत नाही, आणि शत्रूने नागरिकांची ढाल केली तरीही त्यांच्याविषयीचे आपले कर्तव्य संपत नाही. ज्या मुलाच्या घराआड बंदूकधारी लपला आहे, त्या मुलाने कोणताही करार मोडलेला नसतो.