वाचकांचे प्रश्न: रात्रीच्या विमानांना आवाजाची मर्यादा नाही का?

प्रश्न: आम्ही घाटकोपर पश्चिमेला राहतो. रात्री दोन-अडीचलाही विमानं डोक्यावरून उतरतात. सासूबाईंची झोप मोडली की पुन्हा लागत नाही. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे ना? मग विमानांना ती का लागू नाही?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर: ताई, ४५ चा आकडा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला. विमानतळांसाठी केंद्राने २०१८ मध्ये वेगळी मानकं काढली. वर्षाला ५० हजारांहून अधिक उड्डाणं-अवतरणं होणाऱ्या विमानतळाला दिवसा ७० आणि रात्री दहा ते सहा ६५ डेसिबल. मुंबई याच गटात मोडते.

पण खरी मेख पुढे आहे. हे ६५ म्हणजे आठ तासांची सरासरी. माझ्या नोकरीची सगळी वर्षं ध्वनिमापनात गेली, म्हणून हिशेब मांडूनच दाखवते. तुमच्या खिडकीशी एक विमान दहा सेकंद ८० डेसिबलने गेलं, तर रात्रभराच्या सरासरीत त्याचे भरतात जेमतेम ४५. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत; अशी नव्वदेक विमानं, म्हणजे दर पाच-सव्वापाच मिनिटांनी एक, गेली तरच ६५ गाठले जातात. सासूबाईंची झोप मात्र पहिल्याच विमानाने मोडते. माझ्या मते हा नियम माणसाच्या झोपेसाठी लिहिलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच युरोपसाठी विमानांच्या आवाजाची रात्रीची शिफारस केली ती ४० ची, तीही सरासरीच.

मार्ग बदला, अशी मागणी तुमच्या भागातून होते. तिच्यात फारसा अर्थ नाही. वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे विमानं पूर्वेकडून, तुमच्यावरूनच उतरतात आणि शेवटच्या टप्प्यात त्यांना धावपट्टीच्या सरळ रेषेत यावंच लागतं. शिवाय तेव्हाचा बराच आवाज बाहेर काढलेल्या चाकांवर आणि पंखांच्या झडपांवर आदळणाऱ्या हवेचा असतो. लंडनच्या हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. तिथे दुपारी तीनला धावपट्टी बदलतात, म्हणून एका बाजूच्या लोकांना अर्धा दिवस तरी उसंत मिळते. मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, तिथे हे जमणारं नाही.

मागायचं ते हीथ्रोचं दुसरं: रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेतल्या विमानांवर वर्षाला ५,८०० ची कमाल मर्यादा, आणि त्यातही जास्त आवाजाच्या विमानाला जास्त गुण, गुणांच्या बेरजेलाही मर्यादा. एकेका विमानाचा हिशेब ठेवणारी अशी तरतूद आपल्याकडे हवी, आणि ती लोकांनी नेटाने मागायला हवी.

तोवर एक करा. महिनाभर रात्री जाग आलेल्या वेळा वहीत लिहा आणि विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर ते विमान कोणतं, हे शेजारी टिपा. मग माहिती अधिकाराखाली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे मुंबईच्या आवाजाचे नकाशे आणि रात्रीची मोजमापं मागा. अर्जात नुसती सरासरी नको, प्रत्येक विमानाचा कमाल आवाज हवा, असं स्पष्ट लिहा. सोसायटीतल्या चार घरांनी अशाच वह्या ठेवल्या तर आणखी चांगलं.