टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रताळ्याची रोपं बाटलीतून काढली की माना टाकतात. नाशिकच्या हवेत काय करावं?

खत कमी पडतंय असं नाही, हवा बदलतेय. बाटलीत आर्द्रता जवळजवळ १०० टक्के असते, त्यामुळे पानांवर मेणाचा थर नीट धरत नाही आणि पर्णरंध्रंही वेळेवर मिटत नाहीत. मग आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या झळांत रोप टिकणार कसं?

मुळांना चिकटलेला अगार, म्हणजे बाटलीतली जेली, कोमट पाण्यात पूर्ण धुवा. त्यातली साखर राहिली की बुरशी आलीच. प्रो-ट्रेमध्ये (रोपांच्या खणांचा ट्रे) भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरा आणि वर पारदर्शक प्लास्टिकचा ठेंगणा बोगदा करा. पहिला आठवडा बंद, मग रोज संध्याकाळी थोडा वेळ उघडा, वेळ वाढवत न्या. बाटलीतली जुनी पानं गळली तरी चालेल, नवी फूट महत्त्वाची. सावलीला ५० टक्क्यांची शेडनेट पुरते. द्राक्षाच्या मांडवाखाली मात्र ठेवू नका, फवारणी अंगावर येते.

ही महाग रोपं थेट शेतात लावणं मला तरी पटत नाही. कीटकरोधक जाळीत वाढवून त्यांच्या वेलांचे तुकडे बेणं म्हणून वापरा. उघड्यावर मावा आणि पांढरी माशी विषाणू परत आणतात, आणि विषाणूमुक्त रोपासाठीच तर आपण एवढे पैसे मोजले.