लाल पानं अन्न कशी बनवतात?

प्रश्न: शाळेत शिकलो की हिरव्या पानातच अन्न तयार होतं. मग लाल माठाचं काय? तो कोवळा असल्यापासून लाल, तरी जोमात वाढतो. आणि आंब्याची नवी पालवी तांबूस का असते? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: शाळेत शिकवलं ते बरोबरच आहे हो, माठाच्या पानातही क्लोरोफिल म्हणजे हरितद्रव्य भरपूर असतं, लाल रंगाखाली ते झाकलं जातं एवढंच. घरी करून बघा, माठाची चार पानं उकळत्या पाण्यात टाका, थोड्या वेळात पाणी लाल होतं आणि पान बाहेर काढलं की काळपट हिरवं दिसतं. हा लाल रंग बीटालेनचा, बीटात असतो त्याच गटातला. तो पेशीच्या आतल्या रसात विरघळलेला असतो म्हणून पाण्यात उतरतो. क्लोरोफिल पाण्यात विरघळत नाही, ते पानातच राहतं.

आणि अन्न बनवायचं खरं काम त्याचंच. उन्हातला निळा आणि लाल प्रकाश ते जास्त शोषतं, हिरवा कमी, म्हणून पान हिरवं दिसतं. त्या ऊर्जेवर पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि बाकीची ऊर्जा हवेतल्या कार्बन डायॉक्साइडपासून साखर बनवायला जाते. ऑक्सिजन पाण्यातूनच येतो बरं का, १९४१ मध्ये रूबेन आणि कामेन या शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजन, म्हणजे ज्याचा अणू नेहमीपेक्षा जड असतो असा ऑक्सिजन, वापरून हे दाखवलं, तरी अजून कितीतरी जण तो कार्बन डायॉक्साइडमधून येतो असंच सांगतात आणि मुलंही तेच पाठ करतात, याचं फार वाईट वाटतं.

आता आंबा. त्याच्या पालवीतला रंग वेगळा, अँथोसायनिन. बीटालेन आणि अँथोसायनिन एकाच झाडात सापडत नाहीत, हे मला फार भारी वाटतं! कोवळ्या पानात क्लोरोफिल अजून पुरतं तयार नसतं, पान लोंबतं, मऊ असतं आणि जुन्या पानांनी पाठवलेल्या साखरेवर वाढतं. अशा पानाला कडक ऊन सोसत नाही, अँथोसायनिन त्यातला बराच प्रकाश अडवतं. किडीही त्यामुळे कमी लागतात असं काही अभ्यासक मानतात. पुढे पान टणक होतं, क्लोरोफिल भरतं, तांबूसपणा जातो. कुसुंबाची लालभडक पालवी, पिंपळाची गुलाबीसर पानं, सगळीकडे हेच चालू असतं.

पिकलं पान पिवळं होतं त्याचं कारण मात्र उलटं, तिथे क्लोरोफिल मोडतं आणि आधीपासून पानात असलेली कॅरोटिनॉइडं नावाची पिवळी रंगद्रव्यं दिसायला लागतात.